दुधाला पाय लागला

मला सल्ला देणाऱ्यांची शेळगावात कधी टंचाई पडली नाही. बारावीत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा ते जरा दबक्या आवाजात यायचे. दुसऱ्यांदा झाले तेव्हा दारातूनच ओरडत यायला लागले. नर्सिंग कर. कॉम्प्युटर कर. ब्यूटी पार्लर टाक. लांबच्या एका मावशीनं तर चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत माझं लग्न ठरवलं, मांडव घातला आणि वरातही काढली. मनानं सगळे चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सल्ला देऊन झाला की माणसं आपापल्या घरी जातात. मी तिथंच, त्याच खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.

दहावीला मला चांगले मार्क पडले होते, म्हणून सायन्स घेतलं. घेतलं कसलं, सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलं. बारामतीच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की फळ्यावर काय चाललंय ते मला कळत नाही, आणि कळत नाही हे विचारायचं कुणाला तेही कळत नाही. पुढचं सगळं त्यातूनच आलं. दुसऱ्या निकालानंतर मी दुकानात जाणं सोडलं. मग देवळात जाणं सोडलं. एसटी स्टँडवर वर्गातली कुणी दिसली तर मी गाडी सोडून द्यायचे. शेवटी घरातले जेवून उठले की मी ताट घ्यायचे, म्हणजे कुणाशी बोलायला नको. सारा दिवस मोबाइल. त्यात काय बघत होते म्हणाल तर आज एक गोष्ट आठवत नाही. गावाच्या तोंडी एकच, पोरगी आळशी झालीय. मी आळशी नव्हते, मी घाबरले होते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

आता मी रोज सकाळी स्कूटीवरून बारामती एमआयडीसीत जाते. एका लहानशा डेअरीत दुधाच्या पिशव्या भरतात, तिथली सकाळची शिफ्ट माझ्याकडं आहे. फाटकाशी मोटरसायकलींची गर्दी होते, हॉर्न वाजतात, मी त्या गर्दीत माझी गाडी घुसवते आणि कुणी आडवा आला तर त्याला चार शब्द सुनावतेही. हे सगळं दोन माणसांमुळं झालं. त्या दोघांनी मला सल्ला म्हणून काही दिला नाही. म्हणूनच कदाचित त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

त्यातले पहिले तात्या. वडलांचे धाकटे चुलतभाऊ. त्यांची पिकअप आहे. सकाळी वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन उचलायचे आणि डेअरीत नेऊन उतरवायचे, हा त्यांचा धंदा. एका संध्याकाळी ते आले, ओट्यावर टेकले, मानेला हात लावून चांगले लांबलचक कण्हले आणि आईला म्हणाले, "वयनी, मान पार आखडलीय बगा. मागं वळून बघता येत न्हाय. वस्तीवरनं गाडी रिव्हर्स घ्यायची म्हणजे मागं कुणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारं पायजे. चार दिस पोरीला पाठवा की."

मी आत खाटेवर ऐकत होते. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी 'हिचं आता काय व्हायचं' एवढाच विषय असायचा. तात्यांचा विषय त्यांची मान होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडं काहीतरी मागायला आलं होतं. मला आनंद वगैरे झाला नाही, खोटं कशाला सांगू. पण नाही म्हणायचं तर तोंड उघडून बोलावं लागलं असतं, आणि तेवढाही जीव अंगात नव्हता, म्हणून मी गेले.

आमच्याकडचे वस्तीचे रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना हे काम म्हणजे थट्टा वाटेल. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट, आणि शेवटी गोठ्याशी वळायला जागा नाही. सरळ आत जायचं आणि उलटं बाहेर यायचं. पहिल्या दिवशी मी मागं उभी राहिले आणि पुटपुटले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. गाडी तशीच मागं आली आणि उकिरड्यात रुतली. गोठ्यातली बाई हसायला लागली, तिची म्हैससुद्धा माझ्याकडं बघत होती. तात्या खाली उतरले, चाकाकडं बघितलं आणि म्हणाले, "मोठ्यानं म्हण की गं. मला न्हाय, गाडीला ऐकू आलं पायजे."

दुसऱ्या वस्तीवर मी ओरडले. दोन वर्षं वापरात नसलेला आवाज, तो पहिल्यांदा फाटकाच आला. पण आला. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या तात्या, अजून, अजून, बास!" आणि गाडी थांबली. मी बास म्हटलं आणि एवढी मोठी गाडी थांबली, याचं मला किती बरं वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही.

चार दिवसांची गोष्ट होती, पण तात्यांची मान काही बरी होईना. रोज सकाळी आमच्या दाराशी हॉर्न वाजायचा. मी रोज ठरवायचे की आज नाही जायचं, आणि रोज जाऊन बसायचे. वस्त्यांवरच्या बायका मला 'येऊ द्यावाली' म्हणायला लागल्या. माझ्या निकालाचं कुणी विचारलं नाही. त्या विचारायच्या, "काल फॅट कमी कशी काय लागली गं? तुमच्या डेअरीवाल्याला डोळं हायत का?" आणि माझ्याशी कडाकडा भांडायच्या. मीही भांडायचे. त्यांनी भांडण काढावं इतकी मी त्यांच्यातली झाले होते. एकदा एका वस्तीवर कुणाचा तरी नवा कोरा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्यापुढून जाताना तात्यांनी मान अशी गर्रकन मागं वळवली की माझ्या मानेला कळ आली. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. दोघंही रस्ता बघत बसलो, आणि पुढच्या वस्तीवर मी मुकाट्यानं खाली उतरून मागं जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या त्या बाई. डेअरीच्या पॅकिंगच्या प्रमुख. मूळच्या सुप्याकडच्या, म्हणजे आमच्याच मुलखातल्या, केस पिकलेले, अंगानं किरकोळ आणि बोलणं एकदम तोडून. आमची गाडी डेअरीत कॅन उतरवायच्या धक्क्याला लागायची तेव्हा त्या कधीकधी बाहेर चहा घेत उभ्या असायच्या. तात्या गाडी मागं घेताना मी घसा फोडून ओरडायचे आणि त्या ऐकत असायच्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "एवढा आवाज हाय व्हय तुला? आत ये. मशीन चालू असली की माज्या पोरींना एकमेकींचं ऐकू येत न्हाय. मला अशीच एक पायजेल."

मी म्हटलं, मी बारावी नापास आहे.

"पिशव्या काय बारावी पास असत्यात का?" त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी तात्यांकडं बघितलं. ते एक कॅन उगाचच पुसत होते. "मान आता जरा हलकी पडलीय," ते म्हणाले. "जाऊन तर बघ."

मी गेले. सकाळी तात्यांच्याच गाडीतून यायचं, मग टोपी, मास्क, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट. आत शिरताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. मशीनमधून भरलेल्या पिशव्या पट्ट्यावर पडतात, आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या. प्रत्येक पिशवी हलकेच दाबून बघायची, गळकी निघाली तर टबात टाकायची, चांगली असेल तर क्रेटमध्ये. बाईंनी पहिले काही दिवस मला एवढंच एक काम दिलं. जमलं की त्या म्हणायच्या, "हां." एवढंच. शाळेतल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मला तो 'हां' मोठा वाटायचा. मी घरी येऊन सगळ्यांबरोबर जेवायला बसायला लागले. माझ्या ताटात भाकरी वाढताना आईचा हात जरा थांबायचा.

आणि मग ती पिशवी फुटली.

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आजोबांनी ती विकली, शेती धरली, पण दुधाच्या बाबतीतलं वळण घरात तसंच राहिलं. दूध सांडलं आणि त्याला पाय लागला, तर लगेच खाली वाकायचं, बोटं दुधाला लावायची आणि कपाळाला लावायची. मला हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला लागले तेव्हापासून मी हे करत असणार. त्या सकाळी पट्ट्यावरून एक पिशवी खाली पडून फुटली आणि माझा बूट तिच्यात पडला. मी वाकले, हातमोज्याची बोटं फरशीवरच्या दुधाला लावली, टोपीवर कपाळाशी टेकवली, आणि तोच हात पुढच्या पिशवीला घातला. हे करताना माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. श्वास घ्यावा तसं झालं ते.

दर्जा बघणारे एक तरुण साहेब होते, पुण्याहून आलेले. त्यांनी नेमकं तेवढंच पाहिलं. त्यांनी लाल बटण दाबलं. मशीन बंद झालं. एवढ्या आवाजानंतर जी शांतता होते ती अंगावर येते. त्या शांततेत ते ओरडले, "फरशीला लावलेला हात पिशवीला? लोकांची लहान लेकरं हे दूध पितात! देवपूजा घरी करायची!" माझ्यापुढचे क्रेट त्यांनी बाजूला काढायला लावले. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. बाई त्या वेळी धक्क्यावर होत्या.

मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं. तेच सगळं पुन्हा. मी टोपी काढली, हातमोजे काढले, बूट रांगेत ठेवले आणि कुणाला न सांगता फाटकाबाहेर पडले. मिळेल त्या जीपमध्ये बसून शेळगावला आले आणि खाटेवर पडले. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, सुट्टी आहे.

दुसऱ्या सकाळी हॉर्न वाजला. मी उठले नाही. तात्यांनी दारातून विचारलं, "येत न्हाय व्हय?" आई म्हणाली, "न्हाय म्हणती." गाडी गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. रागावणं नाही, समजूत घालणं नाही. मी गोधडीत तोंड खुपसून ऐकत होते आणि मनाशी ठरवत होते की आता कायमचं झालं. मला काही जमत नाही, हे दोनदा निकालात आलं होतं, आता तिसऱ्यांदा. भीती अशी होती की या वेळी मी आत गेले तर पुन्हा बाहेर येणार नाही. ही भीती अतिशयोक्ती नव्हती. मला माझी ती दोन वर्षं माहीत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडीचा आवाज आला. अवेळी. तात्यांच्या शेजारी, माझ्या बसायच्या जागेवर, बाई बसल्या होत्या. डबा मांडीवर, डोक्यावर पदर, पाय सुजलेले, उन्हानं लाल झालेल्या. आईची धांदल उडाली. चहा ठेवला, सतरंजी टाकली. बाई सतरंजीवर बसल्या नाहीत, सरळ आत आल्या आणि माझ्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"खाली वाकलीस कशापायी?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "दुधाला पाय लागला."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाटलंच. टोपी कशी घालायची ते शिकवलं तुला. हातमोजं शिकवलं, बुटं बुडवायची शिकवलं. आन दुधाला पाय लागला तर काय करायचं, ते शिकवलंच न्हाय. हितनं येणाऱ्या पोरी काय करणार हे मला ठावं पायजे हुतं. मी बी सुप्याचीच हाय की. ती चूक माजी हाय."

मी उठून बसले. मला रडू आलं, आणि ते थांबेना. इतकी वर्षं मी नापास होत आले होते आणि आजवर एकाही मोठ्या माणसानं म्हटलं नव्हतं की हे आम्ही तुला नीट शिकवलं नाही. माझी चूक ती माझी, अशीच सगळी वाटणी. या बाई उन्हातून एवढ्या लांब आल्या होत्या ते त्या चुकीतला आपला वाटा उचलायला.

"पण ते साहेब," मी म्हटलं.

"सायबाचं बराबर हाय," बाई म्हणाल्या. "बोलायची रीत चुकली, पण बराबर हाय. लेकरं पित्यात ते दूध. उगं सायबाला नावं ठेवायची न्हाईत. उद्या ये. पोरींना तूच सांगायचं, काय झालं आन का झालं. तुजा आवाज हाय म्हणून तर आत घेतली तुला."

मी म्हटलं, मला नाही जमणार. तात्या दारात उभे होते. ते म्हणाले, "सगळ्या तालुक्यातल्या म्हशी वळखत्यात तुजा आवाज, आन बायकांपुढं व्हय न्हाय जमणार?" आई हसली. मीही, नाक पुसत.

सकाळी मशीन सुरू होण्याआधी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं. साहेबही येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी उसात गाडी मागं घेताना जसं ओरडते तशीच ओरडले, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. "माझा पाय दुधाला लागला. मी खाली वाकून हात लावला आणि कपाळाला लावला. मग तोच हात पिशवीला लावला. ते चुकलं. पण मी मुद्दाम केलं नाही, तो हात आपोआप गेला."

मग आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, जी या डेअरीत पहिल्यापासून होती, ती हळूच म्हणाली, "मी बी करती." तिच्या पलीकडची म्हणाली, "मी बूट नीट करायच्या निमित्तानं वाकती." मग तिसरी, मग चौथी. बघता बघता निम्मी लाइन निघाली. हशा पिकला, एकमेकींना कोपरं मारणं सुरू झालं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण ते भले होते. ते जरा वेळानं घसा साफ करून म्हणाले, "माझा काल ऑफिसात फाइलला पाय लागला, तेव्हा मीसुद्धा हात लावला. लक्षातच आलं नाही." आणि माझ्याकडं बघून, "त्या दिवशी एवढं ओरडायला नको होतं."

"मग आता असं," बाई म्हणाल्या. "पाय लागला तर हात जोडायचं, पण मनात. हात खाली जाता कामा नये. आन गेलाच चुकून, तर लपवायचं न्हाय. मोठ्यानं सांगायचं, मोजं बदलायचं, कुणी कायबी बोलणार न्हाय." साहेबांनी मान हलवली. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, ती मोकळेपणानं सांगायची त्या सकाळपासून सगळ्यांनाच सोय झाली.

बायका आपापल्या जागी गेल्या. मी माझ्या जागेकडं गेले तर शेजारची म्हणाली, "तू नव्हतीस तवा हितं बाईच उभ्या हुत्या की. आक्खी शिफ्ट. आफिसातनं एक नवीन पोरगी पाठवली हुती तुज्या जागी, तर तिला म्हणाल्या, ही जागा भरलेली हाय."

मी वळून बघितलं. बाई पलीकडं कुणाला तरी झापत होत्या. त्या वयात, सुजलेल्या पायांनी, आपली कामं सोडून त्या इथं उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्या घरी आल्या तेव्हा याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. कॉलेजातून मी कधी नाहीशी झाले ते कुणाला कळलंही नव्हतं. मी घरी खाटेवर पडून स्वतःला संपलेली समजत होते, आणि तेवढा सगळा वेळ इथली माझी जागा भरलेलीच होती. मशीन सुरू झालं, पिशव्या यायला लागल्या. मास्कच्या आत मी भरपूर रडले आणि एकेक पिशवी दाबून बघत क्रेट भरत राहिले.